भिंतीच्या कांतीचा कज्जा

गृहस्थाश्रमात शिरलेल्या मनुष्यास आयुष्यात जे कज्जे निस्तरावे लागतात, त्यांपैकी भाऊबंदकीचा, शेताच्या बांधाचा आणि लग्नातल्या मानपानाचा हे तीन कज्जे प्राचीन असून त्यांचे साक्षीपुरावे, त्यांची कलमे आणि त्यांतील तडजोडीचे मार्ग पूर्वापार ठरून गेलेले आहेत. परंतु अलीकडे त्यांच्या पंक्तीस एक चौथा कज्जा येऊन बसला आहे आणि त्याची दाद कोणत्या दरबारात मागावी, हे अद्याप कोणीही सांगितलेले नाही. हा कज्जा भिंतीच्या रंगाचा नव्हे. रंगाचा वाद घरोघर होतो, परंतु तो मिटतोही. कारण रंग सर्वांना दिसतो आणि शेवटी घरातील ज्येष्ठ स्त्रीचे मत हेच बहुमत ठरते. खरा वाद कांतीचा आहे. तोच फिका पिस्ता भिंतीवर विरक्त साधूप्रमाणे निस्तेज बसवावा, त्यास किंचित स्निग्धता द्यावी, की त्यात बघून भांग पाडता येईल इतका तो चकचकीत करावा, या प्रश्नावर चांगली सुशिक्षित, एकविचारी कुटुंबे दुभंगलेली आम्ही पाहिली आहेत.

आमच्या नंदुरबारात पूर्वी हा प्रश्न उद्भवत नसे. याचे कारण पूर्वीचे नंदुरबारकर अधिक समंजस होते असे मुळीच नाही. निवडीला जागाच नव्हती, एवढेच. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर खाऱ्या मातीचे धाबे, अशी ती खानदेशी घरे. त्यांच्या भिंतींना आतून पांढऱ्या मातीचा नाहीतर चुन्याचा हात द्यावयाचा आणि खालचा भाग शेणामातीने सारवावयाचा, हा शिरस्ता होता. दिवाळी जवळ आली की चुन्याची कळी पिंपात विझत घालीत, ती खदखदून शांत झाली की तीत थोडी नीळ आणि थोडा डिंक मिसळीत, आणि काथ्याच्या कुंचल्याने भिंती उजळून काढीत. हा चुना भिंतीवर वाळतो असे आपण म्हणतो, परंतु खरे पाहता तो हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीचे रूप धारण करतो. म्हणून त्याचे पातळ पातळ हात द्यावे लागतात आणि घाई केली की तो रुसून पोपडे टाकतो. या चुन्याचा एक सामाजिक गुण मात्र कोणत्याही शास्त्रीय ग्रंथात नमूद नाही. जो कोणी अशा भिंतीला टेकून बसे, तो उठताना तिची पावती पाठीवर घेऊन जाई. त्यामुळे कोण कोणाच्या ओसरीवर किती वेळ बसून आला, याची नोंद साऱ्या गल्लीस आपोआप मिळे आणि गुप्त मसलती करू इच्छिणाऱ्या मंडळींना सारा वेळ ताठ बसून राहावे लागे.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर, बांबूच्या तट्ट्यांना शेणामातीचा लेप देऊन उभारलेल्या कुडाच्या भिंती आजही आढळतात. भिंत मळली की तीवर पुन्हा लेप द्यावा, हा तेथील सरळ न्याय आहे. तेथे कांतीवरून कुटुंबात फूट पडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

ही शांतता मोडण्यास रंगाचे कारखाने कारणीभूत झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत परदेशी रंगांची आवक अडली, त्या सुमारास 1942 साली मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स ही कंपनी स्थापन केली. पुढे 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हातात कुंचला आणि रंगाचा डबा घेतलेला गट्टू नावाचा खट्याळ मुलगा चितारला आणि तो गावोगावच्या दुकानांच्या पाट्यांवर जाऊन बसला. चुन्याच्या जागी डिस्टेंपर आले. पहिले डिस्टेंपर म्हणजे खडूची भुकटी, सरस आणि रंग यांचे मिश्रण. ते दिसे झोकदार, पण ओल्या फडक्याचा स्पर्श होताच फडक्याबरोबर निघून येई. मग त्यात तेलाचा अंश मिसळून जरा टिकाऊ केलेले डिस्टेंपर आले, त्यामागून प्लॅस्टिक पेंट आले, आणि दारे-खिडक्यांपुरता मर्यादित असलेला ऑईलपेंट हळूच भिंतीवर चढला. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार धुळ्यापासून विभक्त होऊन जिल्ह्याचे ठिकाण झाले. जिल्हा आला म्हणून कचेऱ्या आल्या, कचेऱ्या आल्या म्हणून कर्मचाऱ्यांच्या वसाहती आल्या, वसाहती आल्या म्हणून ओसरीचा ‘हॉल’ झाला, आणि हॉल झाला त्या दिवसापासून भिंत ही घर उभे राहण्याची सोय न उरता घराच्या प्रतिष्ठेची बाब होऊन बसली.

आता रंगाच्या दुकानात पाऊल टाकणाऱ्या गृहस्थाची अवस्था पाहावी. त्याने घरून निघताना, मोठ्या मिनतवारीने, रंग तेवढा ठरवून आणलेला असतो. शेडकार्डावरील शेकडो चौकोनांतून तो आपला पिस्ता शोधून काढतो, विजयी मुद्रेने त्यावर बोट ठेवतो, आणि तेव्हा दुकानदार अत्यंत मृदू स्वरात विचारतो, “काका, मॅट देऊ, सॅटिन देऊ, का ग्लॉस?” कोर्टात उलटतपासणीस उभ्या राहिलेल्या साक्षीदाराची जी मुद्रा होते, तीच यावेळी काकांची होते. “त्यातला चांगला कोणता?” असे ते विचारतात. दुकानदार उत्तरतो, “सगळेच चांगले आहेत, तुमच्या आवडीवर आहे.” जगात जेवढी म्हणून माणसे गोंधळात पडली असतील, त्यांतील निम्मी या शेवटच्या वाक्याने पडली असावीत.

वास्तविक या गूढामागील शास्त्र सोपे आहे. रंगाच्या डब्यात मुख्यतः दोन पदार्थ असतात: एक रंग देणारी व भिंत झाकणारी भुकटी, आणि दुसरा त्या भुकटीस भिंतीशी बांधून ठेवणारा चिकट राळेसारखा द्रव. भुकटीचे प्रमाण वाढविले की तिचे कण पृष्ठभागावर डोके वर काढतात, तेथे सूक्ष्म खडबडीतपणा येतो, प्रकाश त्यावर पडून दशदिशांस विखुरतो आणि भिंत निस्तेज, मऊ, मखमली दिसते, हाच मॅट. उलट द्रवाचे प्रमाण वाढले की कण त्यात बुडून जातात, वर सलग गुळगुळीत पापुद्रा तयार होतो आणि प्रकाश एकाच दिशेस परततो; हा ग्लॉस. सॅटिन या दोहोंच्या मध्ये, सर्व मध्यस्थांप्रमाणे, दोन्ही पक्षांकडून थोडे थोडे घेऊन उभा असतो. ही चमक मोजावयाचे यंत्रही निघाले आहे. साधारणतः 60 अंशांच्या कोनातून प्रकाश टाकून ते आकडा सांगते, आणि तो 10 च्या खाली असला तर मॅट, 70 च्या वर गेला तर ग्लॉस असे स्थूलमानाने समजतात. नंदुरबारच्या घरांत हे यंत्र अद्याप आलेले नाही. तेथे हे काम शेजारीण करते, आणि तिला कोनाची आवश्यकता नसते.

या एका प्रमाणभेदातून भिंतीचे दोन परस्परविरोधी स्वभाव निर्माण होतात. मॅट भिंत क्षमाशील असते. गवंड्याने गिलाव्यात ठेवलेले उंचवटे, इलेक्ट्रिशियनने टाके मारून घाईने बुजवलेल्या चऱ्या, जुन्या खिळ्यांची भोके, हे सर्व ती पोटात घालते. परंतु तिच्यावर कोणी तेलकट हात ठेवला, तर तो हातही ती तितक्याच उदारपणे पोटात घालते आणि पुन्हा परत देत नाही. ग्लॉसची भिंत याच्या नेमकी उलट. तिच्यावर काहीही उडाले तरी ओल्या फडक्याने ते पुसून निघते. परंतु तिच्या अंगचे एकही व्यंग ती लपवीत नाही, किंबहुना त्याची जाहीर दवंडी पिटते. ज्या खोलीत ट्यूबलाइट भिंतीलगतच बसविलेली असते, तेथे तर वरून तिरप्या पडणाऱ्या त्या प्रकाशात चकचकीत भिंतीवर अवघा सातपुडा उभा राहतो. एका कोपऱ्यात अस्तंब्याचा सुळका, मध्ये तोरणमाळचे पठार, आणि दाराजवळ जेथे प्लंबरने भगदाड बुजविले, तेथे नर्मदेची दरी. दिवसा निर्दोष दिसणारी भिंत रात्री दिवा लागताच पाहुण्यांसमक्ष कबुलीजबाब देऊ लागते, हा अनुभव आमच्या शहरातील पुष्कळ प्रतिष्ठित गृहस्थांस आहे.

हे सत्य दुकानदाराहून आणि यजमानाहूनही अधिक नेमके कोणास ठाऊक असेल, तर ते पेंटरास. लांबी भरून, पॉलिश पेपरने घासून, भिंतीवर तळहात फिरवीत तो डोळे बारीक करतो आणि अहिराणीत निर्णय देतो, “आप्पा, भीत वाकडी शे, चमकना रंग लावा ते समदं दिसी.” एवढ्या मोजक्या शब्दांत इतका पक्का पंचनामा मामलेदार कचेरीतही होत नाही. परंतु आप्पांना तो पंचनामा रुचत नाही, कारण भिंत वाकडी आहे हे मान्य करणे म्हणजे गवंड्यास दिलेली रक्कम बुडीत खात्यात लिहिणे होय. येथे न्यायाखातर पेंटराच्या बाजूचाही एक तपशील सांगून ठेवला पाहिजे. रंगाच्या डब्यांतून पेंटरासाठी टोकन निघते, आणि कोणत्या डब्यातून किती रुपयांचे निघते, हे त्यास मुखोद्गत असते. त्यामुळे कंपनीच्या बाबतीत त्याचे मत सर्वस्वी निःपक्षपाती नसते, असे म्हणण्यास जागा आहे. कांतीच्या बाबतीत मात्र त्याची साक्ष ग्राह्य धरावी.

यानंतर कुटुंबाची मसलत बसते, आणि येथूनच खरी लढाई जुंपते. आमचे शहर सुरतेकडून भुसावळाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसल्यामुळे बहुतेक घरांत एक नातेवाईक सुरतेचा आणि एक पुण्याचा असतोच. सुरतेचे मामा झगमगाटाच्या पेठेत आयुष्य घालविलेले. जे चकाकत नाही ते विकत घेण्यात हशील नाही, असा त्यांचा सिद्धांत, आणि म्हणून हॉलला ग्लॉसच हवा हे त्यांचे फर्मान. पुण्याच्या आत्यांस चमक मुळी ग्राम्य वाटते. भिंतीने अदबीने मागे उभे राहावे, पुढे पुढे करू नये, असे त्यांचे म्हणणे, आणि मॅट सोडून अन्य कशाचाही उल्लेख त्यांच्यासमोर करता येत नाही. चिरंजीव भ्रमणध्वनीवर पाहिलेल्या कोण्या नटाच्या बंगल्यातील एक भिंत दाखवून तशीच हुबेहूब पाहिजे म्हणतात. त्या भिंतीस टेकून कोणी कधी बसतच नसावे, ही गोष्ट त्यांच्या ध्यानी येत नाही. आजी एका कोपऱ्यातून एवढेच विचारतात की, चुन्यात काय वाईट होते. आणि या प्रश्नास समर्पक उत्तर देणे कोणालाही साधत नाही. नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एक बाक असे आहे की, त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत मोडतो, मध्ये एक रेघ ओढलेली आहे, आणि दोन्ही बाजूंस माणसे सुखाने बसलेली असतात. अशीच एक रेघ हॉलच्या भिंतीवर ओढून अर्धी मामांस आणि अर्धी आत्यांस द्यावी, हा तोडगा सुचविला असता तो दोन्ही पक्षांनी एकमताने फेटाळला. मसलतीतील एकमताचा एवढा एकच प्रसंग.

आणि तरीही, पाहू जाता, तोच तोडगा सरकारने फार पूर्वी अमलात आणलेला आहे. कोणत्याही जुन्या शाळेत, दवाखान्यात किंवा तहसील कचेरीत जाऊन पाहावे. भिंतीचा खालचा चार-साडेचार फुटांचा पट्टा गडद ऑईलपेंटचा, आणि त्यावरची सारी भिंत साध्या डिस्टेंपरची. या पट्ट्याला सौंदर्यदृष्टीने कोणी कधी नावाजलेले नाही. त्याचा तपकिरी वा मेंदी रंग पाहून प्रसन्न झालेला मनुष्य आम्हांस भेटावयाचा आहे. परंतु त्या पट्ट्यामागे जो मनुष्यस्वभावाचा अभ्यास आहे, तो मोठमोठ्या गृहसजावटकारांस साधलेला नाही. ज्या कोणा विस्मृत अभियंत्याने तो आखला, त्याने भिंत डोळ्यांनी पाहिली नाही. ती कोठे शिवली जाते, हे पाहिले. दाखल्यासाठी तिष्ठत उभा असलेला मनुष्य पाठ कोठे टेकतो, इंजेक्शनाच्या भीतीने मूल हात कोठे रोवते, शाळकरी पोर खडूने आपले नाव कोठवर लिहू शकते, हे सारे त्या साडेचार फुटांत येते. त्याच्या वर भिंतीला कोणी शिवतच नाही. मग तेथे महागडी चमक कशाला खर्ची घालावी?

आमच्या मते या कज्ज्याचा सारा फैसला याच एका सूत्रात आहे: रंग डोळ्यांसाठी असतो, कांती हातांसाठी. तेव्हा प्रत्येक खोलीची वहिवाट तपासावी आणि मग हुकूम लिहावा.

प्रथम स्वयंपाकघर. खानदेशी स्वयंपाकघर हे सौम्य स्थळ नव्हे. तेथे शेवभाजीस तर्री येते, भरताची वांगी भाजली जातात, डाळीस खमंग फोडणी बसते, आणि हिवाळ्यात शहराबाहेरच्या पथारींवर लाल मिरची पसरली की तिच्या खाटाने साऱ्या नंदुरबारास शिंका येतात, तीच मिरची वर्षभराच्या बेगमीसाठी घरोघर येऊन ठेपते. मिरचीचा लाल रंग आणि हळदीचा पिवळा रंग दोन्ही तेलात उतरणारे. म्हणजे फोडणीचा प्रत्येक शिंतोडा हा वस्तुतः तयार तैलरंगच असतो. मॅट भिंत तो आनंदाने पिऊन घेते. हळदीचा डाग उन्हात ठेवला तर फिका पडतो हे खरे, परंतु लुगडे उन्हात घालता येते, भिंत घालता येत नाही. म्हणून येथे ग्लॉस अथवा निदान भरपूर चमकेचा सॅटिन, याविषयी अपील चालणार नाही. न्हाणीघरात जेवढी भिंत फरशीवाचून उरली असेल, तिलाही हाच न्याय लागू. चकचकीत भिंत वाफ शोषत नाही आणि तिच्यावरची बुरशी पुसून निघते. देवघराच्या कोनाड्यातही निरांजनाची काजळी, उदबत्तीचा धूर आणि कुंकवाची बोटे यांचा विचार करता चमकच सोयीची. देवास आपले प्रतिबिंब दिसल्याने काही बाधा येत नाही.

निजण्याची खोली मॅटची. तेथे पाहुणे येत नाहीत, फोडणी उडत नाही, आणि वैशाखातल्या दुपारी, जेव्हा आमच्याकडे पारा 40 अंशांपलीकडे जातो आणि खिडकीच्या फटीतून आलेला एक किरणही वैऱ्यासारखा वाटतो, तेव्हा तो किरण परतवून डोळ्यांवर न मारणारी भिंत हीच खरी आप्त. छत सर्व खोल्यांत निःशंक मॅट ठेवावे. त्यास कोणाचा हात पोहोचत नाही, आणि त्याच्या गिलाव्यातले दोष उजेडात आणण्यात कोणाचेच हित नाही. दारे, खिडक्या आणि चौकटी यांस मात्र सदैव ऑईलपेंटच, कारण घरातील सर्व राग शेवटी दारावर निघतो.

राहिला हॉल, म्हणजे मूळ रणभूमी. येथील वस्तुस्थिती जाणून घ्यावयाची तर दिवाणाच्या वरची भिंत निरखून पाहावी. बसलेल्या मनुष्याचे डोके जेथे टेकते, तेथे प्रत्येक सुखवस्तू घरात खोबरेल तेलाचा एक वाटोळा डाग असतो. तो वर्षानुवर्षांच्या दुपारच्या डुलक्यांनी तयार झालेला असून यजमानाच्या बैठकीची ती अस्सल सनद आहे. मॅट भिंतीवर ही सनद कायम होते. ग्लॉसवर ती पुसली जाते, पण दिव्याखाली सातपुडा दिसतो. तेव्हा येथे सॅटिन योजावा, आणि मामा व आत्या दोघांनाही तो आपल्याच म्हणण्याप्रमाणे आहे असे स्वतंत्रपणे सांगावे. ज्यास सॅटिनचा खर्च परवडत नसेल, त्याने जुन्या कालनिर्णयाची, आरशाची अथवा वडिलांच्या तसबिरीची जागा डागानुसार बदलावी. हा उपाय खर्चाशिवाय होतो आणि पुष्कळ घरांत तो पिढ्यान्पिढ्या प्रचलित आहे.

काळवेळाचाही एक नियम आहे. ऐन मे महिन्यात आमच्याकडे रंग काढू नये. पाण्यात कालवलेला रंग त्या उन्हाळ्यात इतक्या तातडीने वाळतो की पहिला पट्टा दुसऱ्यास भेटण्यापूर्वीच सुकून बसतो, आणि त्यांच्या जोडाच्या रेघा पुढे कायम दिसत राहतात. पावसाळ्यात भिंत ओली असते. ओलीवर रंग चढविला की फुगे येतात आणि दिवाळीस पोपडे पडतात. योग्य काळ म्हणजे पाऊस सरल्यावर भिंती सुकून दिवाळी येण्यापूर्वीचे थोडे दिवस. आणि नेमक्या त्याच दिवसांत गावातील एकही पेंटर मोकळा नसतो, ही ईश्वरी योजना आहे.

वाचकांस अखेर इतकेच सांगणे आहे. दुकानातील शेडकार्डावर विसंबून मोठे डबे घरी आणू नयेत. आधी लहान डबा आणून आपल्याच भिंतीवर दोन फूट चौरस नमुना लावावा, तो एकदा दुपारी आणि एकदा रात्री ट्यूबलाइट लावून पाहावा, आणि मग त्यावर एक ओले फडके फिरवावे. फडक्याला रंग आला नाही आणि रात्री भिंतीवर डोंगर दिसला नाही, तर तीच कांती आपली समजावी. काम संपल्यावर उरलेल्या डब्याच्या झाकणावर शेडचा क्रमांक, कांतीचा प्रकार आणि तारीख खिळ्याने कोरून ठेवावी. मॅट भिंतीवरचा डाग त्या उरल्या रंगाने झाकता येतो, मात्र चकचकीत भिंतीवर मध्येच मारलेले ठिगळ कायम उठून दिसते, म्हणून तेथे एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सबंध भिंतच रंगवावी लागते.